नाताळचा फराळ कुरियरने पाठवताय? मग आधी डब्यात कोणाशेजारी कोण बसणार ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वसईहून पुणे, नाशिक, नागपूर आणि बंगळूरला नाताळच्या गोडाचे 25 डबे पाठवायचे आहेत. गेल्या वर्षी कलकल (मैद्याचे तळलेले गोड शिंपले), नेवऱ्या (करंज्या), दोदोल (नारळाचा रस आणि गुळाची मऊ वडी) आणि पेराद (पेरूची वडी) हे सगळं एकाच खोक्यात, कागदी कपांत भरून पाठवलं होतं. पाचव्या दिवशी कलकल मऊ पडले, नेवऱ्यांना जुनाट वास यायला लागला आणि दोदोलवर पांढरी बुरशी दिसली. फक्त पेराद चांगलं राहिलं. यंदा कोणतं प्रिझर्वेटिव्ह घालू आणि किती, असं विचारलंय.

प्रिझर्वेटिव्ह घालू नका. घरी सहज मिळतं ते सोडियम बेंझोएट, आणि ते फक्त आंबट पदार्थांत काम करतं. सरबत, लोणचं, टोमॅटो सॉस यांत त्याचा उपयोग आहे. दोदोल आंबट नाही, कलकल तर नाहीच, त्यामुळे तिथे ते घालून फक्त जिभेवर चरचर येईल. तुमच्याकडे तीन पदार्थ तीन वेगळ्या कारणांनी बिघडले आणि ती कारणं एका खोक्यात येऊन एकमेकांना मिळाली. दोदोलमध्ये ओल असते, कलकलमध्ये जवळजवळ नसते. एका बंद खोक्यात दोघांना शेजारी बसवलं की ओल दोदोलमधून हवेत आणि हवेतून कलकलमध्ये जाते. दोघांची पातळी सारखी होईपर्यंत हे थांबत नाही. कागदी कप त्याला अजिबात अडवत नाही. दिवाळीत चिवड्याच्या डब्यात ओल्या नारळाची बर्फी आपण ठेवत नाही, तोच हा नियम आहे. नाताळच्या ताटात सगळं एकत्र सुंदर दिसतं, म्हणून खोकं भरताना आपण तो विसरतो. ते ताट विणलेल्या रुमालाखाली झाकून शेजारी द्यायचं असतं आणि तासाभरात संपायचं असतं. खोक्याला पाच दिवस काढायचे असतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. वसईची डिसेंबरातली संध्याकाळ पुण्या-नाशिकपेक्षा दमट असते. तळलेला पदार्थ ताटात उघडा रात्रभर राहिला तर सकाळी तो पाठवण्याआधीच अर्धा मऊ झालेला असतो. तुमच्याकडे माणसं किती, ओव्हन आहे की नाही, अंडं चालतं की नाही, यावरही यादी बदलेल. खाली दिलेले दिवस कोरडे हात, स्वच्छ भांडी आणि पूर्ण गार झालेला पदार्थ धरून सांगितलेत. यातलं एक चुकलं की दिवस निम्मे होतात.

पेरादने तुम्हाला दगा दिला नाही, म्हणून ते डब्याचा कणा धरा. डिसेंबरात पेरू भरपूर असतात. सगळे पिकलेले घेऊ नका. तीन भाग पिकलेले आणि एक भाग गादरे घ्या, कारण घट्ट बसवणारं पेक्टिन गादऱ्यात जास्त असतं. 1 किलो पेरू उकडून चाळणीतून घासले की साधारण 750 ग्रॅम गर निघतो. त्याला 600 ग्रॅम साखर, मोठा चमचाभर लिंबाचा रस आणि शेवटी मोठा चमचाभर लोणी. जाड बुडाच्या रुंद कढईत 40 ते 50 मिनिटं ढवळायचं. गोळा कडा सोडून एकत्र फिरायला लागला की थोडं थंड पाण्यात टाकून बघा. बोटांत धरल्यावर आकार राहिला आणि बोटाला चिकटलं नाही तर झालं. आधी उतरवलंत तर दोन दिवसांनी तुकड्यांना पाणी सुटेल, फार आटवलंत तर दाताखाली रबर होईल. लिंबू फक्त चवीसाठी नाही. आंबटपणामुळे साखरेचा काही भाग फुटतो आणि तिचे खडे बनत नाहीत. लिंबू टाळलं की आठवड्याने पेराद करकरीत लागतं. 3 किलो पेरूंत तुमचे 25 डबे प्रत्येकी 100 ग्रॅम दराने भागतील, पण तीन किलो एका कढईत घालू नका. मोठ्या घाण्याला आटायला दुप्पट वेळ लागतो, तेवढ्यात रंग लालसर सोडून तपकिरी होतो. ताटात ओतून रात्रभर पातळ कपड्याखाली ठेवा, दुसऱ्या दिवशी कापा. बटर पेपरात गुंडाळलेलं पेराद महिनाभर आरामात राहतं, म्हणून ते 10 डिसेंबरपर्यंतच उरका.

आता कलकल, कारण खरा घोळ तिथे आहे.

500 ग्रॅम मैद्याला (आवडत असेल तर त्यातला 100 ग्रॅम बारीक रवा) 50 ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, 50 ग्रॅम गरम तुपाचं मोहन, आणि भिजवायला नारळाचा जाड रस, साधारण 150 मिलिलिटर. रस एकदम ओतू नका, मैद्यामैद्यात फरक असतो. अंडं घालणार असाल तर एक, आणि रस तेवढा कमी. साखर 50 ग्रॅमच्या वर नेऊ नका. जास्त साखरेने कलकल तेलात विरतात आणि आत कच्चे असतानाच बाहेरून लाल होतात. पुरीच्या कणकेपेक्षा थोडं सैल भिजवून अर्धा तास झाकून ठेवा.

एका घाण्यात सुमारे 750 ग्रॅम पीठ होतं. साडेतीन ग्रॅमची गोळी धरली, म्हणजे मोठ्या हरभऱ्याच्या दुप्पट, तर दोनशेच्या वर कलकल निघतात. गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या कंगव्यावर अंगठ्याने दाबत पुढे ढकलली की ती शिंपल्यासारखी गुंडाळते. शेवटची कड हलकेच दाबायची, नाहीतर तेलात उलगडते. गोळ्या सारख्या करायच्या त्या दिसण्यासाठी नाही. लहान-मोठ्या एकत्र तळल्या की लहान करपतात आणि मोठ्यांच्या पोटात ओल राहते. डब्यातला एक कच्चा कलकल बाकीच्यांना मऊ करायला पुरतो.

तळणीचं तेल 150 ते 155 अंशांवर हवं. थर्मामीटर नसेल तर एक गोळी टाका. ती तळाला जाऊन पाच-सहा सेकंदांनी संथ वर आली तर तापमान बरोबर. लगेच वर उसळली तर तेल फार तापलंय. एका घाण्याला सात-आठ मिनिटं लागतात. ही जागा बहुतेकांची चुकते, कारण रंग तीन मिनिटांतच येतो आणि हात झाऱ्याकडे जातो. पहिल्या घाण्यातला एक काढून, दोन मिनिटं गार करून, मधून मोडा. आत बिस्किटासारखा कोरडा, एकसारखा फिका रंग हवा. मध्ये जराशी काळसर, ओलसर रेघ दिसली तर तो आत्ता कुरकुरीत लागेल, पण रात्रीतून आतली वाफ बाहेर येऊन सालाला मऊ करेल. गेल्या वर्षी पहिला दोष इथेच झाला असण्याची शक्यता मला जास्त वाटते. शेजारच्या दोदोलने पुढचं काम केलं.

पाक चढवायचा की नाही? कुरियरला मी बिनपाकाचेच पाठवा म्हणेन. चढवायचाच असेल तर 500 ग्रॅम मैद्याच्या कलकलना 200 ग्रॅम साखर आणि 100 मिलिलिटर पाणी, गोळीबंद होईपर्यंत. थेंब गार पाण्यात टाकल्यावर कडक गोळी व्हायला हवी, थर्मामीटरवर 120 अंशांच्या आसपास. यात लिंबू अजिबात घालू नका. पेरादला जे हवं तेच इथे नको. पाक गॅसवरून उतरवून त्यात कलकल टाका आणि झाऱ्याने सतत हलवत राहा, साखर पांढरी, खरखरीत होऊन कोरडी पडेपर्यंत. खडे धरलेली पांढरी साखर हवेतलं पाणी सहसा ओढत नाही. काचेसारखा चकचकीत पाक ओढतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळे कलकल एकमेकांना चिकटून एक लाडू होतो. फोटोत चकचकीत छान दिसतं, हे मान्य आहे. मध, गूळ किंवा ग्लुकोज घातलेल्या पाकाचं हेच होतं. समुद्रकाठच्या हवेत तर आणखी लवकर.

तळून झाले की पेपरवर निथळायला पंधरा मिनिटं पुरे. मग जाळीवर, पंख्याखाली, पूर्ण गार होईपर्यंत, साधारण दीड तास. गार झाले की त्याच क्षणी घट्ट डब्यात. दुसऱ्या दिवशी उघडून एक खा. मऊ लागला तर 110 अंशांच्या ओव्हनमध्ये वीस मिनिटं ठेवून परत गार करा. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर अगदी मंद आचेवर, हलवत. पाक चढवण्याआधी हे करायचं, नंतर नाही.

नेवऱ्यांचा वास हा वेगळा विषय आहे. नेवरी म्हणजे करंजीच, आणि करंजीची सगळी शिस्त इथे लागू आहे. ओलं खोबरं भाजून घातलं तर ते दोन-तीन दिवस ताजं लागतं, नंतर त्याला साबणासारखी चव येते. नारळाच्या तेलाचं ओल आणि बुरशीशी जमलं की अशी चव येते, आणि एकदा आली की जात नाही. कुरियरच्या डब्यात फक्त सुकं खोबरं घाला. 250 ग्रॅम किसून मंद आचेवर कोरडं होईपर्यंत भाजा, रंग बदामीच्या पुढे जाऊ देऊ नका. 100 ग्रॅम बारीक रवा चमचाभर तुपावर, दोन चमचे खसखस वेगळी भाजून. हे सगळं पूर्ण गार झाल्यावरच 200 ग्रॅम पिठीसाखर, वेलची, काजूचे भाजलेले तुकडे. गरम सारणात साखर घातली की ती ओलावते आणि पारीला आतून मऊ करते. बेदाणे घरी खायच्या नेवऱ्यांत घाला, डब्याच्या नेवऱ्यांत नको. बेदाण्यात ओल असते आणि ती आजूबाजूच्या सारणात उतरते.

पारीला 500 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम रवा, 75 ग्रॅम कडकडीत तूप, भिजवायला पाणी. दुधाने चव येते पण टिकाऊपणा जातो. नेवऱ्या सात-आठ सेंटिमीटरच्याच करा, मोठ्या प्रवासात फुटतात. तळणीचं तेल नवं घ्या. तळायचा क्रमही महत्त्वाचा आहे: आधी सगळे कलकल, शेवटी नेवऱ्या. एखादी नेवरी फुटली की सारणातली साखर तेलात करपते, आणि त्या तेलात नंतर जे जाईल त्याला जळका वास लागतो. गाळलं तरी तो वास तेलातच राहतो. गेल्या वर्षीचा जुनाट वास ओल्या खोबऱ्याचा होता की तेलाचा, हे तुम्हीच ताडू शकाल. साबणासारखी चव असेल तर खोबरं, रंगाच्या डब्यासारखा किंवा जुन्या शेंगदाण्यासारखा वास असेल तर तेल किंवा जुने काजू.

दोदोल बुरशी धरतो तो बहुतेक वेळा आटवणं अर्धवट सोडल्यामुळे आणि कोमट असताना डब्यात भरल्यामुळे. 250 ग्रॅम तांदळाचं पीठ, 750 ग्रॅम माडाचा काळा गूळ, तीन-चार नारळांचा जाड आणि पातळ रस मिळून दीड लिटर, मूठभर काजू. हे कढईत दोन तासांच्या आसपास ढवळत बसायचं काम आहे. कडा सोडल्यावर थांबायचं नाही. नारळाचं तेल सुटून कडेने तरंगायला लागलं आणि गोळ्याला चकाकी आली की मगच उतरवायचं. गूळ आधी थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या, माडाच्या गुळात कचरा असतोच. ताटात थापून किमान बारा तास उघडं, फक्त पातळ कपड्याखाली. मग वर आलेलं तेल टिपा, कोरड्या सुरीने कापा. कोमट वड्यांवर झाकण लावलं की वाफ झाकणावर जमते, थेंब परत वड्यांवर पडतात, आणि बुरशी नेमकी त्या थेंबांच्या जागी सुरू होते. तुमच्या वड्यांवरचे पांढरे ठिपके वरच्या बाजूला होते का, हे आठवून बघा.

नीट आटलेला दोदोल बाहेर दहा दिवस राहतो. फ्रिजमध्ये जास्त राहतो, पण तांदळाचं पीठ गारव्यात कडक होतं. पाठवताना चिठ्ठी ठेवा: कडक वाटला तर खोलीच्या हवेत तासभर ठेवा किंवा मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंद.

बोलिन्हा तुमच्या यादीत नाहीत, पण घ्या असं सुचवेन. रवा-खोबऱ्याची ही गोव्याकडची बिस्किटं प्रवासाला नेवरीपेक्षा कणखर असतात. घरोघर प्रमाण वेगळं असतं, साधारण 250 ग्रॅम रवा, तेवढीच साखर, एका नारळाचं बारीक वाटलेलं खोबरं, एक अंडं आणि दोन बलक, चमचाभर तूप. साखरेचा पाक करून त्यात खोबरं आणि रवा घालून कोरडं करायचं. पूर्ण गार झाल्यावर अंडं आणि तूप, मग झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. गोळे चपटे करून, वर काट्याच्या रेघा, 170 अंशांवर वीस मिनिटं. ओलं खोबरं असूनही चालतं, कारण ती भट्टीत वाळतात. पण मध्ये मऊ राहू देऊ नका, 110 अंशांवर आणखी वीस मिनिटं सुकवून घ्या.

डब्याबाहेर ठेवायचे पदार्थही सांगतो. मिल्क क्रीम दुधाचं आहे, ते नाही. बेबिंका तर नाहीच. 2023 साली गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून प्रत्येकाला ती पाठवावीशी वाटते. पण बलक, नारळाचा रस आणि तूप यांचे थर घरच्या पॅकिंगमध्ये पाच दिवस उष्णतेत ठेवण्याची जोखीम घेऊ नका. ‘डोस’ नावाची चणाडाळ-खोबऱ्याची वडीही बाहेर फार दिवस काढत नाही, ती शेजारच्यांसाठी ठेवा. रम घातलेला फ्रूट केक टिकतो, पण त्याचा वास शेजारच्या नेवऱ्यांत शिरतो, म्हणून तो वेगळ्या खोक्यात.

पॅकिंगमध्ये मूळ नियम एकच: ओल्याला वेगळी हवा, कोरड्याला वेगळी हवा. कलकल एका जाड, सील होणाऱ्या पिशवीत, नेवऱ्या दुसऱ्या कडक प्लास्टिकच्या डबीत, बोलिन्हा तिसऱ्यात. या तिघांत खाण्याच्या वस्तूंसाठीची सिलिका जेलची छोटी पुडी टाका, वर ‘खाऊ नये’ असं मराठीत आणि इंग्रजीत लिहून, कारण डबा मुलं उघडतात. दोदोल आणि पेरादला पुडी नको, त्यांचं पाणी ओढून ती त्यांना कडक करेल. प्रत्येक वडी बटर पेपरात, मग दोन वेगळ्या पिशव्यांत. पिशवी सील करताना हवा थोडी राहू द्या, कलकलना तीच गादी होते. बाहेरचं खोकं हलवून बघा. आवाज आला तर रिकाम्या जागा कुस्करलेल्या कागदाने भरा. नेवऱ्यांच्या डबीत थरांमध्ये कागद, आणि दोनपेक्षा जास्त थर नकोत.

तारखा अशा लावा. 8 ते 10 डिसेंबर पेराद. 12-13 ला बोलिन्हा. 14-15 ला कलकल, चार घाणे म्हणजे आठशेच्या वर नग, वळायलाच चार माणसांची एक दुपार जाते. 16 ला नेवऱ्या, 17 ला दोदोल, 18 ला तो कापून सगळे डबे भरा, 19 ला पाठवा. नागपूर आणि बंगळूर आधी, पुणे-नाशिक एक दिवसाने चालेल. सणाच्या आठवड्यात कुरियरवाले दिलेल्या दिवसावर सहसा पोचत नाहीत, म्हणून दोन दिवस हाताशी ठेवलेत. 22 नंतर पाठवू नका, डबा 26 ला दाराशी येईल.

एका डब्यात 100 ग्रॅम कलकल, 100 पेराद, 80 दोदोल, चार नेवऱ्या, चार बोलिन्हा पुरेत. 25 ऐवजी 26 डबे भरा. सव्विसावा घरातच, कपाटाच्या वरच्या फळीवर, बंद ठेवा आणि 24 ला उघडा. पुढच्या वर्षी कुठे सुधारायचं ते त्यात नातेवाइकांच्या फोनपेक्षा जास्त कळेल, कारण फोनवर सगळे ‘छान होतं’ असंच म्हणतात. आणि हेच डबे पुढे पैसे घेऊन द्यायचा विचार असेल तर आधी एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी करा, आणि लेबलवर घटक, अंडं आहे की नाही आणि केल्याची तारीख लिहा.